गर्भाशयमुखाचा कर्करोग : लस लेकीला, तपासणी आईला

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाबरोबर एका आजाराची माहिती देण्याच्या प्रथेनुसार यंदा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय घेतला आहे. २०२२ च्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळजवळ ८० हजार दगावल्या. खेदाची बाब अशी की, हा बव्हंशी टाळता येण्याजोगा आजार आहे.

याचे मूळ आहे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही. हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो. बहुसंख्य स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतोच. त्यामुळे तो कोणाच्याही चारित्र्यावरील ठपका नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून तो एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काहींच्या बाबतीत मात्र तो ठाण मांडून बसतो आणि १५ ते २० वर्षांत पेशींचे रूपांतर कर्करोगात होते. अशा सुमारे ७० टक्के कर्करोगांस १६ व १८ क्रमांकाचे प्रकार कारणीभूत असतात. घसा, गुदद्वार व पुरुषांचे जननेंद्रिय यांचे काही कर्करोगही याच विषाणूमुळे होतात.

लस संसर्गापूर्वी दिल्यास सर्वाधिक उपयुक्त ठरते. म्हणून ९ ते १४ हे वय योग्य. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या स्वदेशी लशीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मात्रा किती घ्यावयाच्या, हे वय पाहून डॉक्टर सांगतात. झालेला संसर्ग लस घालवू शकत नाही, तसेच विषाणूच्या सर्व प्रकारांपासून ती संरक्षण देत नाही. म्हणून लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तपासणी करून घ्यावी, आणि त्यांच्या मातांनी तर आजच.

तपासणीचे मोल आपल्याच मराठवाड्याने जगास दाखविले आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाचा सहभाग होता. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

तथापि आमचा अनुभव असा की, शिबिरात रक्तदाब व साखर तपासून घेणाऱ्या अनेक भगिनी या तपासणीचे नाव निघताच संकोचाने उठून जातात. मासिक पाळीखेरीज किंवा संबंधानंतर होणारा रक्तस्राव, पाळी थांबल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव ही लक्षणे त्या महिनोन्‌महिने अंगावर काढतात. शेवटी आमच्या दारी येतात, तेव्हा दागिने मोडून भरलेली रक्कमही पुरत नाही आणि वेळही उरलेला नसतो. पूर्वावस्थेत मात्र थोड्या वेळाच्या साध्या उपचाराने काम भागते.

तपासणी काही मिनिटांची असते. ती वयाच्या ३० वर्षांनंतर साधारणतः दर ५ वर्षांनी करून घ्यावी. लेकीला लशीसाठी आणाल, तेव्हा आईचीही नोंद त्याच दिवशी करावी, ही आमची सर्व कुटुंबांस आग्रहाची विनंती आहे.