चाचणी मुलांच्या दारात न्यायची, पण कोणत्या?

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीची, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राची वेळ ओपीडीबरोबर चालते. वाशीच्या एपीएमसीत गाड्या पहाटेच लागतात. टेम्पोवर चढणारी पोरे, टपरीवर कप विसळणारा सतरा वर्षांचा मुलगा, तुर्भ्याच्या झोपडपट्टीतून घरकामाला निघालेली मुलगी, या सगळ्यांच्या कामाची वेळ नेमकी तीच. जी शाळेत जातात त्यांची शाळाही तेव्हाच. चाचणी फुकट आहे, निकाल त्याच दिवशी मिळतो, नाव गुप्त राहते. तरीही 10 ते 19 या वयाची मुले आपणहून आमच्या दारात येत नाहीत. येतात ती आजारी पडल्यावर.

या वयात एचआयव्ही कसा दिसतो, हे पालकांना आणि खरे सांगायचे तर काही डॉक्टरांनाही लक्षात येत नाही. वर्गात सगळ्यात बुटका राहिलेला मुलगा. वर्षानुवर्षे वाहणारा कान. वय उलटून गेले तरी पाळी न आलेली मुलगी. क्षयरोगाचा कोर्स पूर्ण करूनही पुन्हा क्षयरोग. एवढ्या लहान वयात उठलेली नागीण. यातले प्रत्येक दुखणे दुसऱ्या शंभर कारणांनी होते, म्हणून कोणाला संशय येत नाही. ‘एवढ्याशा पोराला कुठून होणार?’ हा प्रश्न तर ठरलेलाच.

होतो तो दोन वाटांनी. एक जन्मतः, आईकडून. उपचार न मिळाल्यास अशा बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात, हे खरे. पण उरलेल्यांतली काही हळूहळू ढासळत किशोरवयापर्यंत पोहोचतात. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवून दिले. त्याआधी अशी मुले जगतच नाहीत असे धरून चालले जात होते. आज जी मुले सोळा-सतरा वर्षांची आहेत ती जन्मली तेव्हा आपल्याकडे प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला एक डोस, एवढाच उपाय होता. प्रत्येक बाधित गर्भवतीला आयुष्यभराचे औषध सुरू करायचे हे धोरण 2014 मध्ये आले. दुसरी वाट या वयात नव्याने होणारा संसर्ग: असुरक्षित संबंध, लैंगिक अत्याचार, एकमेकांची सुई वापरणे.

नवी मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला सिडकोने आखलेले सेक्टर, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले एमआयडीसीचे कारखाने, डोंगराच्या पायथ्याला खाणकामगारांच्या वस्त्या, ट्रक टर्मिनल, पलीकडे जेएनपीटी बंदर. कामासाठी आलेली, कुटुंबापासून लांब राहणारी माणसे इथे मोठ्या संख्येने आहेत. ट्रकचालक, स्थलांतरित मजूर, देहविक्री करणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी स्वयंसेवी संस्थांमार्फत वर्षानुवर्षे काम चालले आहे आणि त्याचा गुणही आला. मात्र हे सारे काम मोठ्यांसाठी आखलेले. त्यांची मुले त्यात कुठे नव्हती.

म्हणून चाचणी वस्तीत न्यायची कल्पना. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिला जागा दिली. प्रशिक्षित कार्यकर्ता बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतो, पट्टीवर थोड्या वेळात निकाल येतो. रेघ उमटली तर तिला ‘रिॲक्टिव्ह’ म्हणतात, ‘पॉझिटिव्ह’ नव्हे. निदान होते आयसीटीसीत, वेगवेगळ्या किटने तपासणी करूनच. हा फरक वस्तीत समजावणे जड जाते. पट्टीवरची रेघ शेजारच्याने पाहिली की बातमी गल्लीच्या टोकाला गेलीच.

केनिया आणि युगांडात ‘सर्च’ नावाच्या मोठ्या अभ्यासात यावर चांगली तोड काढली होती. 32 खेड्यांच्या समूहांत त्यांनी एचआयव्हीचा तंबू ठोकलाच नाही. आरोग्याची जत्राच भरवली. रक्तदाब, साखर, मलेरिया आणि त्यांच्याच रांगेत एचआयव्ही. जे आले नाहीत त्यांच्या घरी जाऊन विचारले. प्रौढांपैकी सुमारे 89 टक्के लोकांची चाचणी झाली. तंबूत शिरलेला माणूस नेमका कशासाठी शिरला हे बाहेरच्याला कळत नाही, यातच सगळे आले. आपल्याकडे याचा सोपा जोड आहे. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी द्यायचा कार्यक्रम आहेच. हिमोग्लोबिन, वजन, उंची, दात, डोळे अशा शिबिरात ज्याला गरज आहे त्याच्याशी समुपदेशकाने बाजूला बसून बोलावे. शिबिर संध्याकाळी किंवा रविवारी घ्यावे, एवढी साधी सुधारणाही पुष्कळ आहे.

‘ज्याला गरज आहे’ हे शब्द मुद्दाम वापरले. कारण अधूनमधून सूचना येते: शाळेत सगळ्याच मुलांची सरसकट चाचणी करून टाका. ऐकायला बरे वाटते, पण गणित उलटे पडते. समजा 10,000 मुले तपासली आणि त्यांत खरी बाधित 5 आहेत. चाचणीने बाधित नसलेल्यांपैकी 99.5 टक्के जणांना बरोबर वगळले, तरी सुमारे 50 निरोगी मुलांच्या पट्टीवर चुकीची रेघ येणार. म्हणजे रेघ आलेल्या 55 मुलांपैकी 50 ना काही झालेलेच नाही. पक्की तपासणी होईपर्यंत त्यांच्या घरात काय होईल, कल्पना करा. आफ्रिकेच्या काही भागांत दर दहा माणसांत एक बाधित असतो, तिथे घरोघरी जाणे परवडते. भारतात प्रौढांतले प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे. शिवाय शाळाप्रवेशासाठी अशी चाचणी सक्तीची करणे 2017 च्या एचआयव्ही कायद्याने बेकायदाच ठरवले आहे.

मग शोधायचे कुठे? माझ्या मते सर्वांत आधी एआरटी केंद्राच्या वहीत. ज्या आईवडिलांना औषध चालू आहे, त्यांच्या प्रत्येक मुलाची चाचणी झाली आहे का, हे विचारले पाहिजे. ‘तो ठणठणीत आहे’ हे उत्तर ऐकून थांबायचे नाही. आईला तपासणी टाळायची असते, कारण मुलगा विचारेल, ‘मला का?’ आणि मग स्वतःचे सांगावे लागेल. इथे कार्यकर्ती घरी जाते तेव्हा सुईपेक्षा तिच्या बोलण्याचा उपयोग जास्त होतो. त्यानंतर वारंवार क्षयरोग झालेली मुले, रस्त्यावर आणि स्टेशनांवर राहणारी मुले, देहविक्रीच्या विळख्यात सापडलेल्या मुली, घरातून बाहेर काढलेली तृतीयपंथी मुले.

आता संमतीचा गुंता. आपल्याकडे 18 वर्षांखालील मुलाच्या चाचणीसाठी पालकाची संमती लागते. दक्षिण आफ्रिकेत 12 वर्षांचे मूल स्वतः संमती देऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2013 मध्ये सरकारांना वयाच्या या अटींचा फेरविचार करायला सांगितले होते. गंमत पाहा, आपल्याच एचआयव्ही कायद्याच्या कलम 32 नुसार, आईवडील आजारामुळे सांभाळ करू शकत नसतील तर 12 ते 18 वयाचे समजूतदार भावंड धाकट्याचे पालक होऊ शकते; त्याच्या शाळाप्रवेशाला, उपचारालासुद्धा. म्हणजे पंधरा वर्षांची ताई धाकट्या भावाच्या औषधपाण्याची जबाबदारी घेऊ शकते, पण स्वतःची चाचणी स्वतःच्या सहीने करून घेऊ शकत नाही. निदान सोळा वर्षांपुढच्या मुलांना, समुपदेशकाने समज पारखून, हा हक्क द्यायला हरकत नसावी असे मला वाटते.

त्यात पॉक्सो कायदा. 18 खालील मुलाशी शारीरिक संबंध आल्याचे कळले की पोलिसांना कळवणे बंधनकारक. अत्याचार झालेल्या मुलासाठी ते हवेच. पण सतरा वर्षांच्या मुलाला हे समजले की तो समुपदेशकासमोर तोंडच उघडत नाही. बोलायचे शिकवावे तर 2007 मध्ये आपल्या राज्याने शाळांतल्या लैंगिक शिक्षणालाच नकार दिला होता. त्या वेळी शाळेत असलेली पिढी आज पालक झाली आहे आणि मुलांशी काय बोलावे हे आम्हाला विचारते.

चाचणीनंतर जे करायचे ते औषधांच्या बाजूने आता सोपे झाले आहे. 1 एप्रिल 2004 ला मोफत एआरटी सुरू झाले, मुंबईतले जे. जे. रुग्णालय पहिल्या काही केंद्रांपैकी एक. 2017 पासून निदान होताच सगळ्यांना औषध मिळते, पांढऱ्या पेशी कमी होण्याची वाट पाहत नाहीत. मोठ्या मुलांना बहुधा दिवसाला एकच गोळी लागते. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येऊ नये इतका खाली गेला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अवघड असते ते मुलाला सांगणे. ‘ही ताकदीची गोळी आहे’ असे सांगून आठ-दहा वर्षे औषध दिले जाते. चौदाव्या वर्षी मुलगा मोबाइलवर गोळीचे नाव शोधतो आणि त्या दिवसापासून गोळ्या गादीखाली जायला लागतात. दहा-बारा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने, आईवडिलांच्या तोंडून आणि समुपदेशकाच्या सोबतीने खरे सांगितलेले बरे. वस्तीतल्या कार्यक्रमाचा हिशेब किती पट्ट्या वापरल्या यावर न मांडता, वर्षभराने किती मुलांचा विषाणू आटोक्यात आहे यावर मांडावा.

शंका असेल तर नॅकोचा 1097 हा टोल-फ्री क्रमांक आहे. नाव सांगावे लागत नाही. सरकारी रुग्णालयांतल्या मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलांशी वेगळे बसून बोलतात. धोक्याचा संबंध आल्यानंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. मुलावर किंवा मुलीवर अत्याचार झाला असेल तर मात्र चाचणीची वाट न पाहता ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते, जितके लवकर तितके बरे, आणि ते 28 दिवस घ्यायचे असते.