कोपराचं दुखणं अंगावर काढू नका

२००४ साली सचिन तेंडुलकरचं डावं कोपर दुखावलं आणि ‘टेनिस एल्बो’ हे नाव घरोघरी पोहोचलं. पण क्रिकेटपटूला टेनिसचं दुखणं कसं झालं?

खरं तर या दुखण्याला रॅकेट लागतच नाही. मनगट मागे वळवणारे स्नायू एका दोरीसारख्या कंडरेने कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. तीच हालचाल हजारो वेळा झाली आणि मधे पुरेशी विश्रांती मिळाली नाही, तर कंडरा झिजते. सुतार, रंगारी आणि स्वयंपाकघरात राबणारे हातही यातून सुटत नाहीत.

विश्रांतीनंतरही सचिनचा त्रास थांबला नाही. मे २००५ मध्ये लंडनला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परतला आणि त्याने ९३ धावा केल्या. डिसेंबरमध्ये दिल्लीत ३५वं कसोटी शतक ठोकून त्याने गावसकरांचा विक्रम मागे टाकला.

भालाफेकपटू नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच जानेवारीत त्याने ८७.८६ मीटर भाला फेकून ऑलिंपिकची पात्रता मिळवली. २०२१ मध्ये टोकियोत तो सुवर्णपदक विजेता ठरला.

कोणती तपासणी काय दाखवते?

आधी डॉक्टर हाताने दाबून, मनगट वळवायला लावून पाहतात. बऱ्याचदा तेवढ्यावरच निदान होतं. शंका राहिली किंवा दुखणं हटलं नाही, तर पुढच्या तपासण्या कामी येतात.

• एक्स-रे: हाडाची चीर, झीज, सांध्यात सुटून फिरणारे हाडाचे तुकडे. कंडरा मात्र यात नीट दिसत नाही.

• सोनोग्राफी: जाड झालेली किंवा फाटलेली कंडरा. रुग्ण हात हलवत असतानाही ती पाहता येते आणि किरणोत्सर्गही नसतो.

• एमआरआय: हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध, कूर्चा आणि हाडाच्या आतली सूज. चेंडू किंवा भाला फेकणाऱ्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखापतीत याचा विशेष उपयोग होतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काहीही दुखत नसलेल्या माणसाच्या एमआरआयमध्येही कधीकधी दोष दिसतो. म्हणून रिपोर्ट वाचून स्वतःच घाबरू नका. चित्र आणि दुखणं जुळतं की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

मुलांकडे जास्त लक्ष द्या

वाढत्या वयात कोपराच्या हाडांची टोकं अजून कूर्चेचीच असतात. सतत चेंडू फेकल्याने तिथे इजा होऊ शकते. अशा वेळी डॉक्टर कधीकधी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढून तुलना करतात. मूल “दुखतंय” म्हणालं, तर “खेळायचं टाळतोय” असं समजू नका.

डॉक्टरांकडे कधी जावं?

• विश्रांती घेऊनही दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं तर

• कोपर पूर्ण सरळ होत नसेल, अडकत असेल किंवा सुजलं असेल तर

• बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल तर

टेनिस एल्बोचे बहुतेक रुग्ण विश्रांती, व्यायाम आणि वेळ यांच्या जोरावर शस्त्रक्रियेविना बरे होतात. सचिन आणि नीरज यांनाही मैदानाबाहेर बसावं लागलं होतं. मग आपल्या मुलाने एखादा सामना सोडला, तर काय बिघडलं?