पैसे बुडाले, तरी विश्वस्त निर्दोष

विश्वस्त कोलकात्यात राहतो आणि ज्याच्यासाठी तो पैसे सांभाळतो, तो लाभार्थी मुंबईत. पैसे पोचते करायला विश्वस्त एका पतदार माणसाची हुंडी घेतो. त्याच्या पतदारीबद्दल कुणालाच शंका नाही. हुंडी त्याने विश्वस्ताच्या नावे, विश्वस्त या नात्यानेच काढून दिलेली, मुंबईत वटणारी. पण ती वटत नाही. आता भरपाई कोणी करायची?

विश्वस्ताने नाही, असं कायदा म्हणतो.

आता दुसरा विश्वस्त बघा. त्याच्याकडे विम्याची पॉलिसी सोपवली आहे आणि हप्ते भरायला पैसेही हाताशी आहेत. पण हप्ता भरायचा राहतो आणि पॉलिसी बुडते. याने एक रुपयाही खाल्लेला नाही, तरी नुकसान त्यालाच पदरचं भरून द्यावं लागतं.

हे दोन्ही दाखले १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमात, कलम १५ खाली, खुद्द कायद्यातच दिलेले आहेत. कलमाचं सांगणं साधं आहे: सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळेल, तितकीच काळजी विश्वस्ताने घ्यावी.

किती विलक्षण मोजमाप आहे हे! कायदा इथे अर्थतज्ज्ञ मागत नाही, भविष्य ओळखणारा मागत नाही. घराला कुलूप लावलंय ना, हे परतून बघणारा माणूस त्याला पुरतो. पैसे किती उरले यापेक्षा ते कसे सांभाळले, हे तो आधी विचारतो. म्हणूनच लिलावाने विकायची मालमत्ता जाहिरात न देता, बोली लावणारे गोळा करायची खटपट न करता विकली, तर होणारं नुकसान विश्वस्ताच्या माथी येतं.

सगळ्यात अंतर्मुख करणारा दाखला शेवटचा आहे. दोन विश्वस्तांपैकी एक सगळा कारभार दुसऱ्यावर सोडून देतो. दुसरा पैशांचा गैरवापर करतो. पहिल्याने काहीच केलेलं नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने लाभार्थ्याच्या नुकसानीला तो जातीने जबाबदार ठरतो. विश्वासाने दिलेल्या जागेवर स्वस्थ बसणं हीसुद्धा कसूरच.

हा कायदा खासगी न्यासांचा. देवस्थानं, शाळा, वाचनालयं अशा सार्वजनिक न्यासांसाठी महाराष्ट्रात १९५० चा वेगळा कायदा आहे. संस्थेची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते. कायदे दोन असले, तरी मुळातला भरवसा एकच: जो पुढ्यात नाही, त्याचे पैसे आपल्या हाती आहेत.

तुमचंही नाव एखाद्या संस्थेच्या विश्वस्तांच्या यादीत असेल, तर पुढच्या बैठकीत ठरावावर सही करण्याआधी पासबुक आणि पावतीपुस्तक मागून घ्या, आणि स्वतःच्या घरचा हिशेब बघता तसं बघा.