विश्लेषण : कात्रज, बेळगावच्या हरणांना कशाने गाठले? खानदेशच्या गोठ्याशी त्याचा संबंध काय?

पुण्यातील कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जुलै २०२५मध्ये १६ चितळ दगावले. चार महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, बेळगावजवळच्या भूतरामनहट्टी येथील कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात ३८ पैकी ३१ काळविटांचा काही दिवसांत मृत्यू झाला. अशा वेळी पहिली शंका येते ती पाण्याची आणि चाऱ्याची. तपासणीतून पुढे आलेले आजार मात्र जळगाव-धुळ्याच्या पशुपालकांना चांगलेच ठाऊक आहेत.

हे आजार कोणते?

कात्रजच्या चितळांना लाळ्या खुरकूत झाल्याचे प्रयोगशाळेच्या तपासणीतून निष्पन्न झाले. हा विषाणूजन्य आजार आहे. तोंडात आणि खुरांत फोड येतात, लाळ गळते, जनावर चारा सोडते. बेळगावच्या काळविटांचा बळी घेतला तो घटसर्पाने. हा जिवाणूजन्य आजार असून, घशाला सूज येते, श्वास कोंडतो आणि अनेकदा एक-दोन दिवसांतच जनावर दगावते. उपचाराला उसंतच मिळत नाही.

यात पाण्याचा वाटा किती?

दोन्ही आजारांचे मूळ बाधित जनावरात असते. पाणी त्यांना वाट करून देते. आजारी हरणाची लाळ सामाईक हौदात पडते आणि त्याच हौदावर सारा कळप तोंड लावतो. घटसर्पाचे जिवाणू ओल्या जमिनीत आणि पाण्यात काही काळ तग धरतात. काही जनावरांच्या घशात ते आधीपासूनच असतात. हवामानातील बदल, गर्दी किंवा भीती यांमुळे प्रतिकारशक्ती घटली की ते उचल खातात. म्हणून केवळ पाण्याचा नमुना ‘पिण्यायोग्य’ आला, तरी प्रश्न संपत नाही. हौद किती दिवसांनी रिकामा करून घासला जातो आणि एका हौदावर किती जनावरे येतात, हेही तपासावे लागते.

अस्वच्छ पाण्याचे धोके आणखी कोणते?

उंदरांच्या मूत्रामुळे दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. सांडपाणी मिसळले तर आतड्यांचे विकार होतात. साचलेल्या, तापलेल्या पाण्यात नील-हरित शेवाळ वाढते आणि त्याच्या काही जाती विष तयार करतात. बोट्सवानात २०२०मध्ये सुमारे ३३० हत्ती मेले, तेव्हा पाणवठ्यांतील अशाच विषाकडे तेथील सरकारने बोट दाखवले होते. राजस्थानच्या सांभर सरोवरात २०१९मध्ये हजारो पक्षी मेले ते बोट्युलिझमने. या आजाराचे जिवाणू प्राणवायू नसलेल्या चिखलात आणि कुजणाऱ्या मृतदेहांत विष तयार करतात. त्यामुळे मेलेला पक्षी किंवा मासा पाण्यात तसाच राहू देणे म्हणजे पुढच्या मृत्यूंना आमंत्रण.

धोका केवळ पाण्यातूनच येतो का?

नाही. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. त्यांना बर्ड फ्लूची लागण झाल्याचे नंतरच्या तपासणीत आढळले आणि खाद्यातून संसर्ग झाल्याची शक्यता चर्चेत आली. बाहेरून येणारे मांस, हिरवा चारा, चाऱ्याची गाडी, कर्मचाऱ्यांचे बूट या साऱ्यांतून रोग कुंपण ओलांडू शकतो. प्रवेशद्वाराशी चाके आणि पाय निर्जंतुक करण्याची सोय असते ती यासाठीच.

मग हरणांना लस का देत नाहीत?

गाय-म्हैस दाव्याला बांधता येते, हरीण नाही. ते पकडताना इतके बिथरते की स्नायूंना इजा होऊन मरूही शकते. म्हणून प्राणिसंग्रहालयाच्या आसपासच्या गावांतील गुरांचे लसीकरण हाच हरणांभोवतीचा खरा तट ठरतो.

नियम काय सांगतात?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. २००९च्या नियमांनुसार पशुवैद्यक, पिण्याचे स्वच्छ पाणी, नव्या प्राण्यांसाठी विलगीकरण आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन बंधनकारक आहे. खानदेशातील शाळांच्या सहली जिथे जातात, त्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालयाची मान्यता अपुऱ्या जागेसह अन्य त्रुटींमुळे २०१८मध्ये रद्द करण्यात आली होती. त्यानंतर मिटमिटा येथील नव्या प्रकल्पाला वेग आला.

खानदेशने काय करावे?

जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे आहे. धुळे जिल्ह्यात अनेर धरण अभयारण्य आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, नाले आटतात आणि वन्यप्राणी मोजक्या पाणवठ्यांवर एकवटतात. चरायला गेलेली गुरेही त्याच पाण्यावर आली, तर गोठ्यातला रोग जंगलात आणि जंगलातला गोठ्यात जायला वेळ लागत नाही. टँकरने पाणवठा भरला म्हणजे काम संपले, असे नाही. जुने पाणी उपसणे, तळ घासणे आणि गुरांसाठी वेगळी सोय करणे तितकेच गरजेचे आहे. घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी द्यायची असते. लाळ्या खुरकूत लसीकरणाची मोहीम सरकार राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत राबवते. ती चुकवली, तर नुकसान केवळ आपल्या दावणीचे होत नाही.

पर्यटकांनी कशाकडे लक्ष द्यावे?

हौदातील पाणी हिरवे आहे का, त्यात प्लास्टिक किंवा उरलेले खाद्य तरंगते का, एखादे हरीण कळपापासून दूर लाळ गाळत उभे आहे का, हे पाहावे. तसे दिसल्यास व्यवस्थापनाला तेथेच लेखी कळवावे. जंगलात आजारी वा मृत वन्यप्राणी दिसला तर त्याला हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर, तर गुरे आजारी पडल्यास १९६२ या क्रमांकावर संपर्क साधावा. घटसर्पासारख्या आजारात एका दिवसाचा उशीरही पूर्ण कळपाला महागात पडू शकतो.