कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेताय? ॲडव्हान्सच्या आधी नंबरप्लेट बघा

सुट्ट्या जवळ आल्या की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. गाडीतच पलंग, गाडीतच गॅस, खिडकीबाहेर धरण आणि डोंगर. हॉटेल शोधायला नको, तंबू ठोकायला नको. आपल्याकडं ‘कॅम्पर’ म्हटलं की बोलेरो कॅम्पर नाहीतर लग्नातला थंड पाण्याचा जार आठवतो, पण ही गाडी वेगळी. बहुतेक वेळा टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीतल्या सीटा कमी करून तिथं झोपायची जागा, ओटा, पाण्याची टाकी आणि कधी संडास बसवलेला असतो. काही जण तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी वेगळं धोरणही आणलं.

भंडारदरा, रतनवाडी, पाचनई या बाजूला घरची मंडळी घेऊन अशा गाडीनं जायचं असेल, तर फोटोतला पलंग आणि रंगीत दिवे सोडून आधी नंबरप्लेट बघा.

पांढऱ्या प्लेटवर काळे आकडे म्हणजे खासगी गाडी. ती मालकानं स्वतःसाठी वापरायची, भाड्यानं द्यायची नाही. पिवळ्या प्लेटवर काळे आकडे म्हणजे भाड्याचं पासिंग, ड्रायव्हरसकट मिळणारी. काळ्या प्लेटवर पिवळे आकडे म्हणजे स्वतः चालवायला भाड्यानं देण्याचा परवाना असलेली. पांढऱ्या प्लेटची व्हॅन स्वस्त पडते, कारण तिला भाड्याच्या गाडीचा टॅक्स, परमिट आणि महागडा विमा नसतो. नेमकं तेच अंगाशी येतं. खासगी विम्याची गाडी भाड्यानं चालत होती असं अपघातानंतर निघालं, तर विमा कंपनी गाडीची भरपाई नाकारू शकते आणि आत बसलेल्यांच्या भरपाईलाही फाटे फुटतात. मग वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा. ‘ओळखीतली गाडी आहे, काय होतंय’ म्हणून पाहुण्याची पांढरी गाडी डिझेल आणि वर दोन हजार देऊन नेतात, तिथंही हाच घोळ आहे.

तपासायला एजंट लागत नाही. मोबाइलवर एम-परिवहन ॲप घ्या आणि गाडीचा नंबर टाका. गाडीचा प्रकार, विमा, फिटनेस आणि पीयूसीची मुदत दिसते. मुदत संपली असेल तर ‘रिन्यू करायला टाकलंय’ हे उत्तर चालवून घेऊ नका. नंबर द्यायलाच जो का-कू करतो, त्याला ॲडव्हान्स पाठवूच नका. नुसते फोटो टाकून फोनपेवर पैसे उकळणारेही असतात. व्हिडिओ कॉल करून गाडी आतून-बाहेरून दाखवायला सांगा, प्लेटसकट.

आरसी बुकवर आसनक्षमता किती लिहिलीय तेही वाचा. मूळ 12-13 सीटची गाडी गॅरेजात नेऊन सीटा उपटल्या आणि प्लायवुडचे पलंग ठोकले, असं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं गाडीच्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. साधी खूण सांगतो: जितकी माणसं नेणार तितक्या बेल्टच्या सीटा आहेत का मोजा. पलंग उभ्या गाडीत झोपायला आहे. गाडी घाटात असताना पोरं त्यावर लोळत असली, तर एका करकचून ब्रेकमध्ये ती थेट ओट्यावर जाऊन आदळतात.

स्वतः चालवणार असाल तर लायसन्सचा प्रश्न बराचसा मिटलाय. 6 नोव्हेंबर 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला 7500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाची भाड्याची गाडीही चालवता येते. पण लायसन्स आणि सवय यांत फरक आहे. ही गाडी उंच असते, वारं लागलं की हलते, आणि गावातून जाताना फांद्या नि विजेच्या तारा वर बघत चालावं लागतं. धरणाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर समोरून एसटी आली की मागं घ्यायची वेळ येते. कारशिवाय काही चालवलं नसेल, तर ड्रायव्हरसकटच घ्या. आणि त्याच्या झोपेची सोय आधी ठरवा. घरच्यांना पलंग आणि त्याला स्टिअरिंगवर मान टाकून झोप, मग सकाळी घाट उतरायचा, हे बरोबर नाही.

आता पैशाचं. दिवसाचं भाडं, रोजच्या किलोमीटरची मर्यादा, वरच्या प्रत्येक किलोमीटरचा दर, डिझेल, टोल, ड्रायव्हर भत्ता आणि डिपॉझिट असा हिशेब असतो. समजा दिवसाला 8 हजार आणि 250 किलोमीटर ठरले. संगमनेरहून शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर करून परत आलात तर तीन दिवसांत सगळे मिळून 250 किलोमीटर होतील न होतील, भाडं मात्र 24 हजार आणि वर डिझेल. म्हणजे उभ्या गाडीचं भाडं भरायचं. आमच्या मते इतक्या जवळ जायला पिवळ्या प्लेटची जीप आणि गावातल्या घरी मुक्काम हे स्वस्तही पडतं नि जेवणही गरम मिळतं. कॅम्परच हवी असेल, तर ‘किलोमीटर कमी लावा आणि भाडं कमी करा’ असं घासून बघा. ताडोब्यासारखं लांब जायचं असेल तर वाटेतले मुक्काम वाचतात, तिथं ती परवडू शकते. मात्र सफारी वनविभागाकडं नोंद असलेल्या जिप्सीतूनच होते, तुमची गाडी गेटबाहेर राहते.

रात्रीचा धोका

डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघं मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचं तपासात निघालं. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. आपल्याकडं थंडीच्या दिवसांत डोंगरात गारठा मरणाचा असतो, म्हणून कुणी निखाऱ्याची शेगडी आत घेतं, कुणी काचा लावून इंजिन चालू ठेवतं. दोन्ही जीवघेणं आहे. जनरेटर, शेगडी, स्टोव्ह काहीही पेटतं ठेवून झोपू नका. दोन गोधड्या जास्त न्या आणि एक काच बोटभर उघडी ठेवा.

गॅस हवेपेक्षा जड, तो गळला की तळाशी साचतो आणि उभ्या माणसाला वास उशिरा येतो. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद हवा. स्वयंपाक दार उघडं ठेवून करा.

गाडी लावायची कुठं? भंडारदऱ्याच्या वरचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथं पावती फाडून जाता येतं, पण दिसेल त्या माळावर मुक्काम करता येत नाही, आणि वन्यजीव कायद्याच्या कलम 30 नुसार अभयारण्यात आग लावायला बंदी आहे. गावातल्या कुणाच्या अंगणात किंवा मुक्कामाची सोय करणाऱ्यांकडं विचारून, पैसे देऊन लावा. पाणी मिळतं, संडास मिळतो, रात्री काही झालं तर हाकेला माणूस असतो. उतारावर चाकाला दगड लावा आणि निघताना तो रस्त्यातून बाजूला टाका. जून तोंडावर काजवे बघायला जाल तर गाडीचे दिवे पूर्ण बंद ठेवा, उजेडात काजवा चमकत नाही.

संडासाची टाकी ओढ्याला रिकामी करू नका. भंडारदऱ्याचं पाणी म्हणजे प्रवरा. तीच खाली अकोले, संगमनेर करत नेवाशापर्यंत येते. टाकी कुठं रिकामी करायची हे गाडीवाल्यालाच आधी विचारून घ्या, नाहीतर ती टाकी वापरूच नका.

गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा: ओरखडे, टायर, स्टेपनी, जॅक, किलोमीटरचा आकडा, डिझेलचा काटा. भाडं, मर्यादा आणि डिपॉझिट कधी परत मिळणार हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. परत देताना पुन्हा तसाच व्हिडिओ काढा, मालक समोर असतानाच.