दोन मुक्काम मार्गळीचे

डिसेंबरच्या सुट्टीत दक्षिणेकडे निघालेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी, जमलं तर परतताना तिरुपती. रोज नवं गाव, रोज पहाटे बॅगा बांधणं, बसमध्ये अंताक्षरी, आणि घरी आल्यावर आठवडाभर ठणकणारे पाय. पुण्य पदरात पडतं, विश्रांती तेवढी राहून जाते. ज्याला या दिवसांत खरोखर निवांत व्हायचंय, त्याने तमिळनाडू ‘करायचा’ हट्ट सोडावा आणि दोनच ठिकाणी पथारी पसरावी : चेन्नई आणि मामल्लपुरम. दोहोंत अंतर जेमतेम ५८ किलोमीटर. एकीकडे शहर आणि गाणं, दुसरीकडे समुद्र आणि दगड. शिवाय दोन्हीकडे आपल्या ओळखीच्या इतक्या खुणा सापडतात की परक्या मुलखात आल्यासारखं फार वेळ वाटत नाही.

आधी हवामानाचं बोलू, कारण तिथेच आपली माणसं फसतात. आपला पाऊस परतला की तिकडचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडचे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि चेन्नईच्या वर्षभरातल्या पावसाचा निम्म्याहून अधिक वाटा याच तीन महिन्यांत पडतो. २०१५ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला शहर पाण्याखाली गेलं. १२ डिसेंबर २०१६ ला ‘वरदा’ चक्रीवादळ येऊन थडकलं, २०२३ च्या डिसेंबरात ‘मिचाँग’ने पुन्हा तीच दैना केली. तेव्हा दिवाळीचा फराळ डब्यात भरून लगेच निघण्यात शहाणपण नाही. साधारण २० डिसेंबरनंतर ते पोंगलपर्यंतचा काळ धरावा. स्वेटर घरीच ठेवावा. पहाटेचा पारासुद्धा विशीच्या खाली क्वचितच उतरतो.

हाच तमिळ पंचांगातला मार्गळी महिना. सौरमासाने चालणारा, म्हणून डिसेंबरच्या मध्याला सुरू होऊन जानेवारीच्या मध्याला पोंगलशी संपणारा. आपला मार्गशीर्ष त्याचा भाऊबंद असला तरी तिथी जुळत नाहीत. मार्गळीत लग्नं लागत नाहीत. पहाटे देवळांत संत कवयित्री आंडाळच्या ‘तिरुप्पावै’तली तीस पदं म्हटली जातात, महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक. चेन्नईतल्या मैलापूरच्या गल्ल्यांत उजाडायच्या आत दारापुढे कोलम, म्हणजे रांगोळ्या, उमटलेले असतात. आणि सकाळपासून रात्रीपर्यंत शहरात कुठे ना कुठे कोणी तरी गात असतं.

हा संगीताचा हंगाम मार्गळीइतका जुना नाही. देवळातली पहाट जुनी, सभागृहातली संध्याकाळ नवी. काँग्रेसची अधिवेशनं त्या काळी नाताळच्या आठवड्यात भरत, कारण पुढाऱ्यांमध्ये वकील फार आणि त्यांची कोर्टं तेव्हा बंद. १९२७ चं अधिवेशन मद्रासला झालं, त्याला जोडून अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि त्या परिषदेतूनच १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली. पुढे तिची वार्षिक परिषद डिसेंबरात होऊ लागली आणि बाकीच्या सभांनीही, म्हणजे संगीतसंस्थांनीही, तोच मुहूर्त धरला. ट्रिप्लिकेनची पार्थसारथी स्वामी सभा तर त्याही आधीची, १९०० सालची. म्हणजे आज ज्याला आपण तमिळ परंपरेचा कळस समजतो, त्याचं वेळापत्रक निम्मं भगवंताने आणि निम्मं हायकोर्टाच्या सुट्टीने ठरवलंय! युनेस्कोने २०१७ मध्ये चेन्नईला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, त्याच्या मुळाशी याच सभा आहेत.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सवय असलेल्या माणसाला इथे पहिल्या दिवशी गांगरायला होतं. सवाईत मंडप एक, दिवस मोजके, सगळे श्रोते एकाच स्वरमंचाकडे तोंड करून बसलेले. इथे सभा डझनावारी. म्युझिक अकॅडमी, नारद गान सभा, कृष्ण गान सभा, मैलापूर फाइन आर्ट्स क्लब अशी नावं घेत गेलं तर परिच्छेद संपेल. प्रत्येक ठिकाणी दिवसाला अनेक कचेऱ्या, म्हणजे मैफिली, आणि हे सगळं एकाच वेळी. दुपारच्या वेळा नवोदितांच्या, बहुतेक ठिकाणी विनामूल्य. संध्याकाळी नाणावलेले कलाकार आणि तिकीट. सकाळी अकॅडमीत सप्रयोग व्याख्यानं. सगळं ऐकायचं ठरवलंत तर ती पुन्हा बसची टूर झाली. दुपारी एक नवा गळा, संध्याकाळी एक जुना, मधल्या वेळात झोप, एवढं पुरे.

कचेरीची आजची घडण अरियाकुडी रामानुज अय्यंगारांनी रूढ केली. आरंभी वर्णम, मग छोट्या-मोठ्या कृती, मध्यावर एक राग सविस्तर, कधी रागम-तानम-पल्लवी आणि शेवटी हलकी पदं. आपल्या ख्यालात एका रागाला तासभर मिळतो. इथे तेवढ्यात चार राग येऊन जातात, म्हणून सुरुवातीला सगळं घाईचं वाटतं. यावर उपाय शेजाऱ्याच्या हातात असतो, अगदी शब्दशः. इथला श्रोता मांडीवर ताल धरतो. आदितालाच्या आठ मात्रा : एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, पुन्हा टाळी, हात उलटा, टाळी, हात उलटा. दोन दिवस शेजारच्या मामींचा हात पाहून तसंच करत राहिलं की गाणं आपोआप सावकाश होतं. मृदंगाचं तनी आवर्तनम, म्हणजे एकल वादन, सुरू झालं की मात्र हेच रसिक उठून बाहेर जातात. ही खोड मला आजवर पटलेली नाही. जगातलं इतकं सुंदर लयीचं काम चालू असताना लोक वड्यासाठी रांग लावतात.

वड्याची बाजू घ्यायची तर सभांची कँटीनं हा स्वतंत्र सोहळा आहे. हंगामापुरते नामांकित आचारी तंबू ठोकतात आणि कुठल्या सभेत गाणं चांगलं यापेक्षा कुठे केळफुलाचा वडा चांगला यावर वाद रंगतात. दुपारी केळीच्या पानावर जेवण, संध्याकाळी डोसा, अशोका हलवा आणि पितळी डबऱ्यातून वर-खाली ओतलेली फिल्टर कॉफी. गाण्याचं तिकीट न काढता नुसतं जेवून जाणारेही पुष्कळ.

कचेरीच्या शेवटच्या टप्प्यात एखादा अभंग हमखास येतो. सभागृहात बहुतेकांना मराठी कळत नसतं, पण ‘विठ्ठल’ म्हटलं की टाळ्या पडतात. त्यामागे तंजावर आहे. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तिथे गादी स्थापली, ती १८५५ पर्यंत टिकली. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे तिघेही याच मराठी राज्यातल्या तिरुवारूरला जन्मले. राजा तुळजाने ‘संगीत सारामृत’ हा ग्रंथ लिहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांची कीर्तनं तंजावरला गाजली. तंजावर कृष्ण भागवतर यांनी तो साचा उचलून तमिळ हरिकथा घडवली आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे सगळे छंद तिच्यात तसेच्या तसे राहिले.

उलट दिशेनेही सूर गेले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेहून दक्षिणेत वरचेवर येत. कर्नाटक संगीतातली सरगम त्यांनी आपल्या गायकीत मुरवली, त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासचा मुक्काम आटोपून ते पाँडिचेरीला निघाले. वाटेत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर उतरले आणि तिथल्या फलाटावरच त्यांनी देह ठेवला. पुढे मिरजेला त्यांचं दफन झालं. मामल्लपुरमला रेल्वेने जाणारे चेंगलपट्टूला उतरतात, त्याच्या थोडं अलीकडे हे स्टेशन लागतं. पुण्याचा महोत्सव ज्यांच्या नावाने चालतो ते सवाई गंधर्व या खाँसाहेबांचेच शिष्य.

आता समुद्राकडे. मामल्लपुरम हे नाव पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मन, अर्थात मामल्ल, याच्यावरून पडलं. सातव्या शतकात याने चालुक्यांचं बादामी, म्हणजे वातापी, जिंकलं. ज्या दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात महाराष्ट्र होता, त्याचा हा पराभव. मामल्लाच्या सेनापतीने वातापीहून एक गणपती तमिळ देशात आणला अशी परंपरा सांगते. त्याच गणपतीवर दीक्षितरांनी हंसध्वनीत ‘वातापि गणपतिम्’ ही कृती रचली आणि आज असंख्य कचेऱ्यांची सुरुवात तिनेच होते. चेन्नईत ती चार-पाच वेळा कानावर पडल्यावर मामल्लाच्या गावी उतरलं की दोन्ही मुक्कामांची गाठ आपोआप पडते.

इथला किनाऱ्यावरचा दुहेरी शिखरांचा मंदिरसमूह त्यानंतरचा, पल्लव राजा राजसिंहाच्या काळातला, आठव्या शतकाच्या आरंभीचा. एक शिवालय पूर्वेला समुद्राकडे तोंड करून, एक पश्चिमेला, आणि दोहोंच्या मध्ये शेषशायी विष्णू. इथले ‘पाच रथ’ म्हणवणारी मंदिरं मात्र बांधलेली नाहीत, एकसंध खडकातून वरून खाली कोरत आणलेली आहेत. म्हणूनच शिखरं रेखीव आणि पायथे अर्धवट. वेरूळचा कैलास पाहिलेल्याला हे तंत्र लगेच ओळखू येतं. अभ्यासक वेरूळची वाट मागे नेतात ती पट्टदकलवरून कांचीच्या पल्लव मंदिरांपर्यंत, म्हणजे याच राजसिंहापाशी. पांडवांची नावं या रथांना लोकांनी पुढे चिकटवली.

सर्वात जास्त वेळ काढावा तो ‘अर्जुनाची तपश्चर्या’ म्हणवणाऱ्या शिल्पपटापुढे. दोन प्रचंड शिळा, मधल्या भेगेत नाग, दोन्हीकडून धावत येणारे देव, गंधर्व, हत्ती, हरणं. अर्जुनाचं तप की भगीरथाची गंगा, हा वाद मिटलेला नाही आणि मिटायची घाईही कोणाला नाही. मला त्यात आवडतं ते मांजर. हत्तीच्या पायापाशी ते पुढचे पाय वर करून तपाला बसलंय आणि भोवती उंदीर भक्तिभावाने जमलेत. तेराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने राजाच्या खर्चाने केलेला हा विनोद.

पाथरवट आजही आहेत. १९५७ मध्ये सरकारने इथे शिल्पशिक्षणाची संस्था काढली, गावभर कार्यशाळा आहेत. छिन्नीच्या आवाजाची काव्यमय अपेक्षा घेऊन गेलात तर ग्राइंडरची घरघर ऐकायला मिळेल. समुद्रही दिसतो तितका भोळा नाही. लाटांना ओढ आहे, पोहायच्या भानगडीत पडू नये. २००४ च्या त्सुनामीने इथली वाळू उपसली तेव्हा काही कोरीव दगड उघडे पडले, आणि नंतरच्या उत्खननात साळुवनकुप्पमला विटांच्या जुन्या मुरुगन मंदिराचे अवशेष मिळाले.

चेन्नईच्या संगीताच्या हंगामावर एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. श्रोते आणि कलाकार दोन्हीकडे ब्राह्मणांचंच प्राबल्य, देवदासी घराण्यांतल्या कलावंतांची विद्या उचलली पण त्यांना मागे ठेवलं, हे इथलेच लोक बोलतात. अकॅडमीचा ‘संगीत कलानिधी’ हा मान पहिल्यांदा एका स्त्रीला मिळायला १९६८ साल उजाडावं लागलं. त्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. या चौकटीला कंटाळून गायक टी. एम. कृष्णा आणि मित्रमंडळींनी बेसंट नगरच्या कडेच्या ऊरूर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात समुद्रकाठी स्वतंत्र विळा, म्हणजे उत्सव, सुरू केला. तिथे शास्त्रीय गाणं आणि कोळ्यांची कला एकाच मांडवात येऊ लागली.

दोन मुक्कामांत आधी कुठला? मी शहर आधी म्हणेन. डिसेंबरअखेर गाणं भरात असतं आणि जानेवारीत किनाऱ्यावर ऊन-वारा बेताचा होतो. ईस्ट कोस्ट रोडवरून जाताना चित्रकार पणिक्कर यांनी १९६६ मध्ये वसवलेलं चोलामंडल हे कलाकारांचं गाव आणि रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये उभारलेलं मगरींचं उद्यान लागतं. मुलं बरोबर असतील तर दुसऱ्याला पर्याय नाही. जानेवारीपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. विद्यार्थ्यांचा एक गट १९८८ पासून रात्री किनाऱ्यावर फिरून ती अंडी सुरक्षित जागी हलवतो आणि आठवडाअखेरीस इच्छुकांना बरोबर घेतो. नीलांकरैपासून बेसंट नगरपर्यंत कित्येक किलोमीटर वाळूतून चालावं लागतं, तेव्हा चपला पाहून न्याव्यात. परतीचं तिकीट मात्र पोंगलच्या आधीचं काढा, कारण त्या आठवड्यात अर्धं चेन्नई आपापल्या गावी निघालेलं असतं आणि गाडीत उभं राहायलाही जागा मिळत नाही.