पोर ढ, की शिकवणे कच्चे?

तिसरी-चौथीतले मूल वाचताना अडखळले की घरात एकच निकाल लागतो. "पोट्टं ढ आहे, डोक्यातच शिरत नाही." शाळेतही बहुधा तेच ऐकू येते आणि पालक सभेला गेलेली माय मान खाली घालून परत येते. कापूस वेचणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या आपल्या आईबापांनी हा निकाल पिढ्यान्‌पिढ्या गिळला आहे. पण परीक्षा नेहमी मुलाचीच का? शिकवण्याची परीक्षा कोण घेणार?

ती घेता येते. शास्त्रीय पद्धतीने घेता येते, आणि घेतली गेलेली आहे.

वावराचा न्याय वर्गाला

यवतमाळ जिल्ह्यातल्या कास्तकाराला ही पद्धत लगेच समजेल. समजा, कपाशीचे नवे बियाणे काळ्या कसदार वावरात पेरले आणि जुने बरड जमिनीत टाकले. नव्याचे पीक जास्त येणारच. मग श्रेय बियाण्याचे की जमिनीचे? खरे उत्तर हवे असेल तर एकाच वावरात पट्टे पाडावे लागतात आणि कोणत्या पट्ट्यात कोणते बियाणे, हे चिठ्ठी टाकून ठरवावे लागते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत पक्की केली.

शिक्षणातही हाच घोळ होतो. महागड्या शिकवणी वर्गाची मुले चमकतात आणि त्यांचे फोटो चौकात लागतात. पण तिथे जाणारी मुले बहुतेक फी भरू शकणाऱ्या, शिकलेल्या घरांतली असतात. तो गुण वर्गाचा की घराचा, हे फोटोवरून कळत नाही. ते कळायला चिठ्ठीच टाकावी लागते.

बालसखीचा प्रयोग

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील मुलांसाठी १९९५ साली 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. तिच्या 'बालसखी' कार्यक्रमात वस्तीतलीच एक शिकलेली तरुण मुलगी निवडत. सुरुवातीला तिला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे. मग तिसरी-चौथीच्या वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास वेगळे बसवून शिकवी. जे मूल अक्षरावर अडले त्याला अक्षर, जे अंकावर अडले त्याला अंक. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये.

याचा खरोखर उपयोग होतो का, हे २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा येथील महापालिका शाळांत तपासले गेले. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा.

बडोदा म्हटले की आपल्याला सयाजीराव महाराज आठवतात. १९०६ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१३ साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. तिथे कोलंबिया विद्यापीठात त्यांना गुरू लाभले जॉन ड्यूई. याच ड्यूईंनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून एक शाळाच काढली होती. शिक्षणाचा विचार अनुभवावर घासून पाहावा, हा त्यांचा आग्रह होता.

बडोद्यात चिठ्ठीने शाळांचे दोन गट पाडले. एका गटाला पहिल्या वर्षी तिसरीसाठी बालसखी मिळाली, दुसऱ्या गटाला चौथीसाठी. पुढच्या वर्षी अदलाबदल झाली. त्यामुळे एकही शाळा उपाशी राहिली नाही आणि बालसखी असलेली तिसरी व नसलेली तिसरी यांची तुलनाही झाली. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे सारखीच चाचणी घेतली.

निकाल काय लागला? संशोधकांच्या मापात पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ इतकी वाढ झाली. साध्या भाषेत सांगायचे तर शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभे असलेले मूल दुसऱ्या वर्षी सुमारे अकरा जागा पुढे सरकले. सर्वांत जास्त फायदा झाला तो रांगेच्या शेवटी असलेल्या मुलांचा. म्हणजे ज्यांच्यावर 'ढ' हा शिक्का बसला होता त्यांचाच!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बालसखीकडे मुले गेल्यामुळे मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, पण तिथे उरलेल्या मुलांची विशेष प्रगती दिसली नाही. म्हणजे नुसती संख्या कमी करून भागत नाही. मूल जिथे उभे आहे तिथून शिकवायला सुरुवात करावी लागते. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने मात्र हा लाभ ०.१० पर्यंत उतरला. पाणी तोडले की पीक सुकते, तसेच हे.

कोणी म्हणेल, आमच्या लेकरांवर प्रयोग कशाला? प्रश्न रास्त आहे. पण न तपासता राबवलेली योजना हाही प्रयोगच असतो. फक्त त्याचा निकाल कोणी लिहून ठेवत नाही आणि अपयशाचा दोष मुलाच्या माथी मारला जातो. बालसखी चालली म्हणून सरकारने कायम शिक्षक नेमू नयेत, असाही अर्थ कोणी काढू नये. पाचशे रुपयांत शाळा चालवणे हा न्याय नव्हे.

उत्तरपत्रिकेवरची जात

याच पद्धतीने एक कडू सत्यही बाहेर आले. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातील शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. प्रत्येक पत्रिकेच्या पहिल्या पानावर मुलाची जात, वय आणि लिंग चिठ्ठीने ठरवून लिहिले होते. आतल्या उत्तरांशी त्याचा काही संबंध नव्हता. तरीही ज्या पत्रिकांवर खालची मानलेली जात होती त्यांना सरासरीने थोडे कमी गुण पडले. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. फरक लहान होता, पण होता. आपल्याला जे अनुभवाने ठाऊक होते ते आता आकड्यांनी मांडता येते.

उत्तर प्रदेशात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी शाळकरी मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सर्वांसमोर जात पुकारली तेव्हा दलित मुले मागे पडली. बुद्धी तीच, मुले तशीच. फरक पडला तो फक्त पुकारण्याने.

विहारात काय करता येईल?

ऐकीव म्हणून किंवा परंपरा म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. मग आपणही पारखू या. वस्तीतल्या आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना रविवारच्या वंदनेनंतर दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या आणि एक हातच्याची वजाबाकी द्या. कोण अक्षरावर, कोण शब्दावर, कोण वाक्यावर आहे, ते तारखेसह वहीत लिहा. बारावी झालेली एखादी लेक किंवा सून रोज दोन तास शिकवायला तयार होईल. मुले जास्त आणि जागा कमी असेल तर सरळ चिठ्ठ्या टाका. राहिलेल्यांना पुढच्या तीन महिन्यांत घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग संध्याकाळी ठेवा. तीन महिन्यांनी त्याच पातळीची चाचणी सगळ्यांची घ्या आणि दोन्ही गट ताडून पाहा.

ती वही घेऊन शाळेत जा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असते. तिथे बसलेल्या मायमाउलींनी मान खाली घालू नये. वही उघडावी आणि विचारावे, "गुरुजी, हे पोर इथे अडलं आहे. तुम्ही ह्याला कुठून शिकवायला सुरुवात करणार?"

जयभीम!